पी-फंक : यान, नाक आणि डायपर वजा केले तर बाकी किती उरते?

आडताल:
जेम्स ब्राऊनच्या धाग्यावर हा विषय निघाला आणि मूळ धागा पार वाहून गेला, म्हणून वेगळा काढतोय.

पार्लमेंट आणि फंकाडेलिक हे फंक (ठेक्यावर उभं असलेलं अमेरिकी कृष्णवर्णीय नाचसंगीत) वाजवणारे दोन बँड, म्हणजे जॉर्ज क्लिंटनची टोळी. दोघांचं मिळून नाव पी-फंक. १९७० ते १९८१ मध्ये दोन नावांनी मिळून वीसच्या वर स्टुडिओ अल्बम. माझं मत स्पष्ट आहे. १९७१ चा ‘मॅगट ब्रेन’ ते १९७५ चा ‘लेट्स टेक इट टु द स्टेज’ हा यांचा खरा काळ. तिथे गिटार आहे, घाण आहे, धोका आहे. त्यानंतर छतातून अवकाशयान उतरायला लागलं, लांब नाकाचा खलनायक आला, गिटारवाला डायपर घालून उभा राहिला आणि संगीत त्या देखाव्याचं पार्श्वसंगीत होऊन बसलं.

प्रश्न दोन. एकाच टोळीला दोन नावं कशाला? आणि सगळं नाटक वजा केलं तर १९७५ नंतरचं संगीत स्वतःच्या पायावर उभं राहतं का? जाणकारांनी लिहावं. ‘मला आवडतं’ एवढंच लिहायचं असेल तर +१ पुरे.

फुलपात्र:
+१. (नियम पाळला.)

रेकॉर्डवेडा:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर कलात्मक नाही, कागदोपत्री आहे.

क्लिंटन न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डचा. तिथे त्याचं केस कापायचं दुकान होतं आणि त्याच्या आसऱ्याने पाच जणांचा गायनमेळ चालायचा, द पार्लमेंट्स. नाव सिगारेटच्या ब्रँडवरून. क्लिंटन, रे डेव्हिस, फझी हॅस्किन्स, कॅल्व्हिन सायमन आणि ग्रेडी थॉमस. एकसारखे सूट, चापून बसवलेले केस, डू-वॉप. १९६७ मध्ये डेट्रॉइटच्या रेविलॉट कंपनीकडून ‘टेस्टिफाय’ निघालं, आर अँड बी (कृष्णवर्णीय संगीताच्या) यादीत तिसऱ्या आणि पॉप यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. मग रेविलॉट बुडाली आणि ‘पार्लमेंट्स’ हे नाव करारात अडकलं.

यावर काढलेला तोडगा असा की मागे वाजवणाऱ्या पोरांना पुढे आणायचं. एडी हेझल, बिली ‘बेस’ नेल्सन, टॉल रॉस, टिकी फुलवुड. नेल्सनने सुचवलेलं नाव फंकाडेलिक, आणि त्या नावाने वेस्टबाउंड या कंपनीशी करार. गायक तेच पाच, फक्त कागदावर बँड दुसरा. पुढे नाव मोकळं झालं तेव्हा शेवटचा ‘स’ गाळून पार्लमेंट. १९७० मध्ये इन्व्हिक्टसवर ‘ऑस्मियम’, आणि १९७४ पासून नील बोगार्टच्या कॅसाब्लांकावर.

म्हणजे १९७४ नंतर तीच माणसं, बऱ्याचदा त्याच स्टुडिओत (डेट्रॉइटचा युनायटेड साउंड), दोन कंपन्यांसाठी वाजवत होती. ढोबळ वाटणी अशी: ब्रास (ट्रॉम्बोनसारखी फुंकवाद्यं), सिंथ (सिंथेसायझर), गायनमेळ आणि पात्रं असली की पार्लमेंट, गिटार पुढे असली की फंकाडेलिक. १९७६ मध्ये बेसवादक बूट्सी कॉलिन्सचा बूट्सीज रबर बँड वॉर्नरवर. १९७८ मध्ये ब्राइड्स ऑफ फंकेनस्टाइन आणि पार्लेट ही बायकांची दोन पथकं. प्रत्येक नावाला वेगळा करार, वेगळी उचल.

फुलपात्र:
जीएसटी नंबर वेगवेगळे, गोडाऊन एकच.

रेकॉर्डवेडा:
@फुलपात्र, हो, आणि गोडाऊनमध्ये कुणाचा माल किती याचा हिशोब नाही. १९७७ मध्ये हॅस्किन्स, सायमन आणि थॉमस पैशांवरून बाहेर पडले. १९८१ मध्ये त्यांनी फंकाडेलिक याच नावाने ‘कनेक्शन्स अँड डिसकनेक्शन्स’ काढला. जुन्या रेकॉर्डच्या खोक्यात तो सापडला तर दोनदा बघा, त्यावर क्लिंटन नाही.

आणि आडताल, गिटारचा काळ आणि नाटकाचा काळ असे दोन कप्पे तुम्ही पाडलेत ते पटत नाही. सूट सोडून चादरी गुंडाळणं १९७० च्या आसपासच सुरू झालं होतं. आवाजातला बदलसुद्धा काही अंशी योगायोगाचा. एका कार्यक्रमाला यांचं सामान पोहोचलं नाही, म्हणून व्हॅनिला फज या रॉक बँडचे भलेमोठे अँप्लिफायर उसने घेऊन वाजवलं. तो दणका एकदा ऐकल्यावर तसलेच विकत घेतले.

आडताल:
चादर गुंडाळायला खर्च येत नाही. माझा आक्षेप बजेटला आहे.

खर्जबहाद्दर:
बजेटचं नंतर. १९७२ नंतरच्या संगीतात काय बदललं ते आधी बघा, कारण ते देखाव्याच्या बरंच आधी आहे.

बूट्सी कॉलिन्स आणि त्याचा मोठा भाऊ कॅटफिश जेम्स ब्राऊनच्या पथकातून आले. येताना ‘द वन’ घेऊन आले: चार ठोक्यांच्या आवर्तनातला पहिला ठोका पवित्र, बाकी तीन ठोक्यांत काय वाटेल ते करा. १९७५ मध्ये त्याच पथकातले फ्रेड वेस्ली (ट्रॉम्बोन) आणि मॅसिओ पार्कर (सॅक्सोफोन) आले. म्हणजे ‘मदरशिप कनेक्शन’ अल्बम डिसेंबर १९७५ मध्ये आला तेव्हा ब्राऊनची शिस्त आणि फंकाडेलिकचा धिंगाणा एकाच खोलीत होता.

बेसवर करून बघायचं असेल तर असं करा. मेट्रोनोम १०० वर. एकच स्वर, ई. आवर्तनाचे सोळा भाग मोजा. पहिल्या भागावर स्वर पूर्ण जोराने, बाकी पंधरा रिकामे. चार मिनिटं फक्त एवढंच. मग शेवटच्या दोन भागांत दोन हलके स्वर टाका, पहिल्याकडे ढकलणारे. मग मध्ये कुठेतरी एक दाबलेला, म्हणजे डाव्या हाताने स्वर न धरता नुसता टक्क. हमखास होणारी चूक म्हणजे मधली भरणी जमायला लागली की पहिला ठोका हलका होतो किंवा मधल्या गर्दीमुळे उशिरा पडतो. भरणी अर्धी करा, पहिला ठोका सोडू नका.

तिरकीट:
आपल्याकडे यूट्यूबवर ‘द वन म्हणजे आपली सम’ असं सर्रास सांगतात. अर्धंच खरं आहे.

सम हे पोहोचायचं ठिकाण आहे. आवर्तनभर ताण वाढवत नेऊन तिहाई (तोच तुकडा तीनदा) समेवर टाकायची. विलंबित एकतालात सम यायला मिनिटभर लागू शकतं, आणि तेवढा वेळ थांबण्यातच गंमत. फंकमध्ये १०५ च्या लयीत ‘वन’ दर सव्वादोन सेकंदांनी येतो. तिथे ताण साठवायला वेळच नाही. तो निघायचं ठिकाण आहे: किक (पायाने वाजवायचा ड्रम) आणि बेस एकत्र पडतात आणि त्या क्षणी बाकीचे सुटतात. नीट ऐकलंत तर गिटारचे तुकडे आणि ब्रासचे फटकारे बऱ्याचदा पहिल्या ठोक्यावर नसतातच, त्याच्या मागेपुढे असतात. पहिला ठोका मोकळा ठेवलेला असतो म्हणून तो मोठा वाटतो. ‘गिव्ह अप द फंक’मध्ये ड्रमर जेरोम ब्रेली किती कमी वाजवतो ते बघा. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर, हाय-हॅट चालू, किक मोजकी.

खर्जबहाद्दर:
पटलं, फक्त एक भर. बूट्सी पुष्कळदा भरणी करत येऊन ‘वन’वर आदळतो, ते तुमच्या तिहाईच्या जवळ जातं. छोटी तिहाई म्हणा.

तिरकीट:
तीनदा सारखं आलं तर तिहाई. नाहीतर नुसतं येऊन आदळणं. :)

मूगडाळ:
खास सदस्यनामामुळे पार्लमेंटच्या ‘फ्लॅश लाइट’वर लिहिणं माझं कर्तव्य आहे.

१९७७ च्या ‘फंकेंटेलेकी’ अल्बमचं शेवटचं गाणं, १९७८ मध्ये आर अँड बी यादीत पहिलं. यात बेस गिटार नाही. कीबोर्डवादक बर्नी वॉरेलने सगळा बेस मिनीमूग या सिंथवर वाजवलाय. गाणं मुळात बूट्सीला देऊ केलेलं, त्याने नाकारलं आणि शेवटी त्याच गाण्यात ड्रम वाजवले. वॉरेल न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला. म्हणून त्याची बेसची ओळ गिटारवाल्यासारखी एका जागी बसत नाही, अर्ध्या अर्ध्या स्वराने घसरत खाली येते आणि मध्येच वर उडी मारते.

आवाज जवळपास आणायचा असेल तर: पहिला ऑसिलेटर (मूळ स्वर काढणारा भाग) ३२ फूट, दुसरा १६ फूट म्हणजे एक सप्तक वर, दोन्ही सॉ-टूथ, दुसरा केसभर बेसूर. फिल्टर (आवाजातले वरचे स्वरांश छाटणारा भाग) बराच बंद, एम्फसिस २ ते ३, फिल्टरच्या काँटूरचं प्रमाण ५-६, अटॅक शून्य, डिके पाव सेकंदाच्या आत, सस्टेन खाली. मग कटऑफ हाताने हळूहळू वर नेत, स्वराच्या सुरुवातीला ‘बॉव’ असा उच्चार येईल तिथे थांबा.

कोवळाकर:
सॉफ्टवेअरमधल्या मिनीमूगवर हेच आकडे घातले तर स्वर एकमेकांत चिकटतात, पहिल्या स्वराला ‘बॉव’ येतं आणि पुढच्यांना नाही. कुठे चुकतंय?

मूगडाळ:
बोटं चुकतायत, आकडे नाहीत. मूळ मिनीमूगमध्ये दोन गोष्टी आहेत. एक, आधीची पट्टी सोडल्याशिवाय एन्व्हलप (स्वराचा चढ-उतार ठरवणारा भाग) नव्याने सुरू होत नाही. त्यामुळे पट्ट्या जोडून दाबल्या की दुसऱ्या स्वराला फिल्टर उघडतच नाही. दोन, दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर खालचा स्वर वाजतो. वरच्या पट्टीवर जाताना खालची किंचित जरी राहिली तरी वरचा स्वर गिळला जातो.

म्हणून प्रत्येक स्वर तोडून वाजवा, जवळजवळ टाइपरायटरसारखा. ग्लाइड बंद ठेवा, फक्त जिथे घसरण हवी तिथेच चालू करा. पॉलिफोनी सेटिंगमध्ये मोनो, ‘लो’ प्रायॉरिटी, सिंगल ट्रिगर. काही सॉफ्टवेअरमध्ये मुळात ‘लास्ट’ प्रायॉरिटी असते. ती वाजवायला सोपी, पण मग ती अडखळती चाल येत नाही.

कोवळाकर:
तोडून वाजवल्यावर आलं. दंडवत.

खर्जबहाद्दर:
सिंथ नसेल आणि बेस गिटारवरच तो ‘बॉव’ हवा असेल तर एन्व्हलप फिल्टर. बूट्सीचा म्यू-ट्रॉन ३. १९७२ चं यंत्र, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारं. तुम्ही जितक्या जोराने छेडाल तितका फिल्टर उघडतो, एवढंच त्याचं काम. आता मिळणाऱ्या बहुतेक नकला ठीक आहेत, गोंधळ लावण्यात होतो.

क्रम: बेस, मग थेट फिल्टर, मग बाकी सगळं. कंप्रेसर आधी लावला तर सगळे स्वर एकाच जोराचे होतात आणि फिल्टरला हलायला कारणच उरत नाही. अ‍ॅक्टिव्ह बेसचा आवाज आधीच मोठा, त्यामुळे फिल्टर कायम उघडा राहतो. बेसचाच आवाज थोडा खाली घ्या. गेन असा ठेवा की सर्वांत जोराच्या स्वराला पूर्ण उघडेल आणि साध्या स्वराला अर्धा. रेंज लो, ड्राइव्ह अप, पीक मध्यावर. बँडपासवर लावलंत तर खर्ज निघून जातो. मग साधा आवाज वेगळा काढून मिसळा किंवा लो-पासवर या. जुन्या मेलेल्या तारांवर हे चांगलं वाजत नाही, फिल्टरला चावायला वरचे स्वरांश लागतात.

बूट्सीचा ताऱ्याच्या आकाराचा बेस म्हणजे ‘स्पेस बेस’. १९७५ मध्ये मिशिगनमधल्या वॉरनच्या एका वाद्यांच्या दुकानातल्या लॅरी प्लेस या कारागिराने बनवला. आरसे, चकाकी, सगळं. म्हणजे वाद्यसुद्धा पोशाखातच मोजायला हवं.

आडताल:
यंत्रांची माहिती उत्तम, पण यातलं बरंचसं माझ्याच बाजूचं आहे. हे सगळं डोळे मिटून ऐकता येतं. यान कशाला?

पडद्यामागे:
इथे मी येतो.

यान बनवलं ज्यूल्स फिशरने. ब्रॉडवेचा प्रकाशयोजनाकार, ‘हेअर’, ‘पिपिन’, ‘शिकागो’ वगैरे नाटकांचा. डेव्हिड बोवीचा १९७४ चा ‘डायमंड डॉग्ज’ दौराही त्यानेच उभा केला होता. पैसे कॅसाब्लांकाचे, २,७५,००० डॉलर हा आकडा सगळीकडे दिला जातो. १९७६ च्या मानाने एका कृष्णवर्णीय बँडच्या दौऱ्यासाठी हे अभूतपूर्व होतं. त्याच कंपनीचा किस बँड आग ओकत फिरत होता आणि क्लिंटनने तसंच मागून घेतलं. कपडे लॅरी लेगास्पीचे, जो लबेल या गायिकांच्या बँडचे आणि किसचेही शिवायचा.

पहिलं अवतरण २७ ऑक्टोबर १९७६, न्यू ऑर्लिन्स. त्या रात्री यान कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच उतरवलं, आणि पुढचा सगळा कार्यक्रम पडला. यान उतरल्यावर त्याच्यापुढे दाखवणार काय? मग ते शेवटाकडे नेलं आणि पूर्ण कार्यक्रम त्या क्षणाकडे चढत जाईल असा रचला.

तो क्षण असा चालायचा. बँड एका घोळणाऱ्या तुकड्यावर येतो, स्वरसंगती जवळपास हलत नाही. गायक ग्लेन गॉइन्स पुढे येतो आणि यानाला हाक मारायला लागतो. ताना, किंकाळ्या, चर्चमध्ये घेतात तसं. प्रेक्षक त्याच्यामागून एकच ओळ म्हणत राहतात. मग सभागृहाच्या मागून, लोकांच्या डोक्यावरून, तारेवर एक छोटं यान ठिणग्या उडवत स्टेजकडे जातं. धूर, दिवे, आणि त्या धुरात वरून मोठं यान खाली. दार उघडतं, पायऱ्यांवरून डॉ. फंकेनस्टाइनच्या वेषात क्लिंटन उतरतो.

आता यातली तांत्रिक बाब. जड वस्तू लोकांच्या डोक्यावरच्या छताला टांगून खाली सोडायची तर वेळ सेकंदावर बांधून देता येत नाही. धूर पुरेसा झाला का, खाली कुणी उभं नाही ना, सगळं बघून मगच सोडतात. ठरलेल्या कडव्यांचं, ठरलेल्या लांबीचं गाणं असेल तर ते संपतं आणि यान अजून अर्ध्यात असतं. इथे गाणं एका आवर्तनाचं आहे. दोन मिनिटं लागोत की सात, ‘वन’ येत राहतो आणि गॉइन्स गात राहतो. हे यान या संगीतालाच परवडतं.

तिरकीट:
हे महत्त्वाचं आहे. तबल्यामागे लेहरा (तीच ती धून) चालू ठेवण्यासारखं.

पडद्यामागे:
त्याच्या अगदी जवळचं. तोटेही लिहितो. लहान थिएटरांच्या छताला हे वजन पेलत नाही, उंचीही पुरत नाही. म्हणजे मोठी सभागृहंच हवीत, म्हणजे तिकीटविक्रीही तेवढी हवी. वर ट्रक, कामगार, जोडणी-सुटवणी. हे चक्र विक्री चढती असेपर्यंतच फिरतं. मूळ यान १९८२ मध्ये वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत भंगारात गेलं. स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात दिसतं ते नव्वदच्या दशकातलं दुसरं, २०११ मध्ये घेतलेलं.

निशिगंधा_:
पडद्यामागे, प्रतिसादाची वाचनखूण साठवली. पण गॉइन्स हाक मारताना जे गातो त्याचा संदर्भ राहिला. गुलामीच्या काळातल्या ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’ या भजनावर ते बेतलंय. बायबलमधला एलिया रथातून स्वर्गात जातो, तो रथ. शेतावर राबणाऱ्यांसाठी हा रथ म्हणजे सुटका. क्लिंटनने रथाच्या जागी यान ठेवलं आणि यानात प्रवासी काळे. १९७६ मध्ये अमेरिकेच्या अवकाशवीरांत एकही काळा माणूस अवकाशात गेलेला नव्हता, पहिला गेला १९८३ मध्ये. त्या सभागृहातल्या आजीला रथ कळत होता आणि नातवाला यान. आडताल म्हणतात तसं हे संगीतावर चिकटवलेलं नाटक नाही, भजनातूनच निघालेलं आहे.

सर नोजचंही तसंच. सर नोज डिव्हॉइडऑफंक, नाचायला नकार देणारा ताठ माणूस, आवाज यंत्रातून बदललेला. नायक स्टार चाइल्ड बॉप गन (नाचायला लावणारी बंदूक) घेऊन त्याच्या मागे, आणि ‘फ्लॅश लाइट’मध्ये त्याच्यावर उजेड पडून तो नाचतो. म्हणजे मूगडाळ यांनी ज्या बेसची चिरफाड केली तो बेसच गोष्टीतला उजेड आहे. डोळे मिटून ऐकलात तरी नाटक चालूच असतं.

मूगडाळ:
हे वाचून बेस जरा मोठा केला.

फुलपात्र:
सर नोज आमच्या सोसायटीत सचिव आहेत.

रेकॉर्डवेडा:
:)) अवांतर, पण नाटकाचा एक भाग रेकॉर्डच्या पाकिटातही होता. पार्लमेंटची चित्रं ओव्हर्टन लॉइडची, फंकाडेलिकची १९७३ च्या ‘कॉस्मिक स्लॉप’पासून पेड्रो बेलची, मार्करने गच्च भरलेली आणि त्याहून गच्च मजकुराची. ‘फंकेंटेलेकी’मध्ये कॉमिक आणि सर नोजचं पोस्टर. १९७८ च्या ‘मोटर बूटी अफेअर’मध्ये कापून उभी करायची पात्रं. ज्यांना तिकीट परवडत नव्हतं त्यांच्या घरी यान असं पोहोचलं. १९८१ च्या ‘इलेक्ट्रिक स्पँकिंग’चं बेलने काढलेलं मुखपृष्ठ मात्र वॉर्नरला झेपलं नाही आणि झाकून विकावं लागलं.

कलम_४२०:
संगीत टिकलं की नाही याचा एक पुरावा कोर्टात आहे.

हिप-हॉपवाल्यांनी यांचे तुकडे घाऊक उचलले. डे ला सोलने १९८९ मध्ये ‘नी डीप’, डॉ. ड्रेने १९९२ च्या अल्बममध्ये ‘मदरशिप कनेक्शन’, स्नूप डॉगने ‘अटॉमिक डॉग’. त्या शैलीचं नावच जी-फंक पडलं. यापैकी कुणाकडेही यान नव्हतं.

खटला असा. ‘गेट ऑफ युअर अ‍ॅस अँड जॅम’ या फंकाडेलिकच्या गाण्याच्या सुरुवातीला गिटारचा तीन स्वरांचा तुकडा आहे. त्यातले दोन सेकंद एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाने घेतले, पट्टी खाली आणली, सोळा ठोक्यांइतके लांबवले आणि गाण्यात पाच ठिकाणी टाकले. ते गाणं १९९८ च्या एका चित्रपटात गेलं. ब्रिजपोर्ट म्युझिक आणि वेस्टबाउंडने २००१ मध्ये सुमारे ८०० प्रतिवादींवर एकदम दावे लावले, त्यात हा एक. २००५ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ठरवलं की ध्वनिमुद्रणातून कितीही छोटा तुकडा घ्या, परवाना लागणारच. ‘एवढंसं तर घेतलं’ हा बचाव तिथे संपला. नवव्या सर्किटने २०१६ मध्ये मॅडोनाच्या खटल्यात नेमकं उलट म्हटलं. त्यामुळे अमेरिकेत आज कुठे दावा लागतो यावर निकाल बदलू शकतो.

यात वाचकांची नेहमी फसगत होते: दावा क्लिंटनने लावलेला नाही. मुद्रणाचे हक्क वेस्टबाउंडकडे, रचनेचे ब्रिजपोर्टकडे. ज्याने ते दोन सेकंद वाजवले त्याला यातून काही मिळेलच असं नाही.

आडताल:
हा पुरावा मला चालतो. यान नसलेल्या लोकांनी संगीत उचललं. पण बघा, ‘गेट ऑफ’ १९७५ चं. माझ्याच काळातलं.

कलम_४२०:
‘नी डीप’ १९७९ चं आणि ‘अटॉमिक डॉग’ १९८२ चं. पंधरा मिनिटांच्या ‘नी डीप’मध्ये गिटारही भरपूर आहे. तुमच्या काळाला मुदतवाढ द्यावी लागेल.

आडताल:
‘नी डीप’ला देतो. पार्लमेंटच्या ‘ट्रॉम्बिप्युलेशन’ अल्बमला देणार नाही, तिथे सोंडेसकट सगळं नाटकच आहे. बरं, ‘मॅगट ब्रेन’वर कुणी बोललंच नाही. दहा मिनिटं, एक गिटार, कसलंही सोंग नाही.

पडद्यामागे:
सोंग आहे, फक्त मिक्सिंगच्या टेबलावर केलंय. पूर्ण बँड वाजवत होता. हेझलचं वादन ऐकून क्लिंटनने बाकीच्यांना जवळजवळ पुसून टाकलं आणि गिटारला एकोचे थर दिले. वाजवायच्या आधी हेझलला सांगितलं होतं की आई गेल्याची बातमी आत्ताच कळलीय असं समज. याला नाट्यदिग्दर्शन नाही तर काय म्हणायचं?

खर्जबहाद्दर:
ते वाजवायला घेणाऱ्यांसाठी: मागचा एक एक तार छेडलेला गिटारचा तुकडा आधी बसवा, तो दहा मिनिटं एका जोराने चालला पाहिजे. मुख्य गिटारला फझ (आवाज फाडणारं पेडल), मग वा (‘वाव-वाव’ करणारं), मग डिले (एको देणारं). डिले ४५० मिलिसेकंदांपासून सुरू करून कानाने जुळवा, आवर्तनं तीन-चार. लोक पहिल्या मिनिटातच फझ लावून सुटतात आणि चौथ्या मिनिटाला त्यांच्याकडे काही उरत नाही. हेझल पुष्कळ वेळ स्वर सोडून थांबतो आणि एकोला बोलू देतो. डिले फझच्या आधी लावला तर सगळ्या आवर्तनांचा चिखल होतो.

निशिगंधा_:
म्हणजे इथेही तेच. मोकळी जागा ठेवायची.

कोवळाकर:
नव्याने ऐकणाऱ्याने कुठून सुरू करावं? यादी फार मोठी आहे.

रेकॉर्डवेडा:
आधी ‘मदरशिप कनेक्शन’, सलग, मोबाइलच्या स्पीकरवर नाही. खर्ज गेला की अर्धा अल्बम गेला. रे डेव्हिसचा तळातला आवाज ‘गिव्ह अप द फंक’मध्ये ओळखता आला की स्पीकर बरा आहे. मग १९७७ चा ‘लाइव्ह : पी-फंक अर्थ टूर’. यान उतरताना गॉइन्स काय करतो ते त्यात आहे. मग ‘मॅगट ब्रेन’, आणि १९७८ चा ‘वन नेशन अंडर अ ग्रूव्ह’, जिथे पार्लमेंट आणि फंकाडेलिकमधली भिंत पडते.

‘वन नेशन’ जुन्या बाजारात घेणार असाल तर विक्रेत्याला आधी विचारा: मूळ अमेरिकी प्रतीत मोठ्या तबकडीबरोबर सात इंची एक छोटी तबकडी होती, त्यावर ‘मॅगट ब्रेन’चं मंचावरचं मुद्रण आहे, तेव्हा कोवळ्या वयाच्या मायकेल हॅम्प्टनने वाजवलेलं. पाकीट चकचकीत आणि छोटी तबकडी गायब, असं फार होतं. फोटो मागवा, दोन्ही बाजूंचे.

आडताल:
आणि कॉमिक?

रेकॉर्डवेडा:
ते ‘फंकेंटेलेकी’त. पोस्टर बहुतेक वेळा कुणाच्या तरी भिंतीला गेलेलं असतं. कॉमिक असेल तर मधलं पान सुटलेलं आहे का तेवढं बघून घ्या.